वाऱ्यावरची बोट, विजेचा हिशेब

'सुहैली' ही सागवानी, ३२ फुटी शिडाची बोट मुंबईत बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९मध्ये एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. हे जमवणारे ते पहिलेच. त्या बोटीवरचा रेडिओ वाटेतच बंद पडला, पण प्रवास काही थांबला नाही. आजच्या बोटमालकाला हे ऐकवलं की तो हसतो आणि फ्रीजचं दार उघडून थंड पाण्याची बाटली पुढे करतो. शीड वाऱ्यावर चालतं हे खरं, पण फ्रीज, ऑटोपायलट, चार्टप्लॉटर, व्हीएचएफ आणि लॅपटॉप यांतलं काहीच वाऱ्यावर चालत नाही.

गोव्यात मांडवीच्या काठावर पावसाळ्यासाठी वर काढून ठेवलेल्या एका ३६ फुटी बोटीचं वायरिंग बदललं जाताना मी पाहत होतो. पाहत होतो म्हणजे बॅटरी धरणं, टॉर्च मारणं, अरुंद कप्प्यात हात घालून वायर ओढणं, अशी हलकी कामं करत होतो. मालकाला पावसाळ्यानंतर कोकण किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत आणि मग लक्षद्वीपकडे जायचं होतं. जयगड, विजयदुर्ग, देवगड इथे आडोसा उत्तम मिळतो, पण राहायचं नांगर टाकूनच. धक्क्यावरून वायर ओढून बॅटरी चार्ज करू, हा विचार तिथे सोडूनच द्यायचा.

मालकांची तक्रार एकच होती. पहाटे फ्रीज बंद पडायचा. निदानही त्यांनीच करून टाकलं होतं: बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, लिथियम घालायच्या. इलेक्ट्रिशियन वेंगुर्ल्याचा, आयुष्य ट्रॉलरच्या वायरिंगमध्ये गेलेलं. त्याने बॅटरीकडे पाहिलंच नाही. फ्रीजच्या मागचं पॅनेल उघडलं, वायर बोटांत धरून वाकवली आणि म्हणाला, "साहेब, ही घराची वायर. होडयेक चलाची नाय."

मग मीटर लागला. बॅटरीपासून फ्रीज सहा मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर, आणि तीही दीड चौरस मिलिमीटरची. कॉम्प्रेसर पाच अँपियर ओढतो तेव्हा एवढ्या लांबीत पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो. घरातल्या २३० व्होल्टमध्ये पाऊण व्होल्ट कुणाच्या लक्षातही येत नाही, पण बारा व्होल्टमध्ये तो सहा टक्के होतो. त्यात मध्ये कुणीतरी पिळून टेप मारलेला एक जोड होता. टेप काढली तर आत तांबं हिरवं. तिथे आणखी जवळजवळ एक व्होल्ट जात होता. रात्रभराच्या वापराने बॅटरी बारावर आली की फ्रीजपर्यंत साडेदहाच्याही खाली पोचायचे. बॅटरी वाचवण्यासाठी हे कॉम्प्रेसर त्या सुमाराला स्वतःहून बंद होतात. म्हणजे फ्रीज शहाण्यासारखाच वागत होता.

सहा चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली बहुतारी वायर टाकली आणि तीच गळती दोन दशांश व्होल्टच्या आत आली. मुलामा यासाठी की खारट दमट हवा उघड्या टोकातून आवरणाच्या आत शिरते आणि साधं तांबं आतल्या आत काळं पडत जातं. बहुतारी यासाठी की बोट सतत हलते आणि एकेरी जाड तार वाकून वाकून शेवटी तुटते.

सगळ्यात जास्त वेळ मी हे जोडकामच पाहिलं, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. वायरचं टोक सोलायचं, एकही तार न कापता. लग चढवायचा. रॅचेट क्रिंपरने दाबायचा. पूर्ण दाब बसेपर्यंत ते हत्यार सुटतच नाही. मग हिसका देऊन बघायचं. शेवटी आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी गरम करायची, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर दिसेपर्यंत. मी विचारलं, डाग का देत नाही? तर डाग दिल्यावर कथील वायरमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनांनी नेमकी त्याच्या कडेला वायर तुटते. शिवाय जोड तापला तर डाग वितळतो. दिवसभरात इलेक्ट्रिशियनचे मोजकेच जोड व्हायचे. मालक घड्याळ बघायचे. तो बघायचा नाही.

बॅटऱ्या बदलल्याच, पण नंतर, आणि आधी कागदावर हिशेब मांडून. नांगरावर असताना चोवीस तासांत फ्रीज साठ अँपियर-तास, व्हीएचएफ दहा, फोन-लॅपटॉप पंधरा, दिवे, नांगराचा दिवा आणि पाण्याचा पंप मिळून दहा. एकूण पंचाण्णव. प्रवासात यात ऑटोपायलटचे ऐंशी आणि चार्टप्लॉटर, एआयएस, वाऱ्या-खोलीची यंत्रं यांचे पन्नास मिळवले की आकडा सव्वादोनशेच्या घरात जातो.

जुन्या दोन दीडशेच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या कागदावर तीनशेच्या. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाती दीडशे. त्यात चार्ज होताना ती शेवटच्या वीस टक्क्यांना फार रेंगाळते. भरलेल्या एसटीत उरलेले चार प्रवासी चढायला जसा वेळ लागतो तसं. नांगरावर ती कधी पूर्ण भरतच नाही आणि अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट साचत जातं. नवीन बँक लिथियम आयर्न फॉस्फेटची, २८० अँपियर-तासांचे चार सेल एका ओळीत. बिनधास्त वापरण्याजोगे सव्वादोनशे. वजन शंभराहून अधिक किलोवरून पंचविसाच्या आसपास.

लिथियमचे नखरे वेगळे. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की इंजिनाचा अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने ओतत राहतो आणि तापून जळू शकतो. शिवाय बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या राखणदार सर्किटने, धोका ओळखून बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणून अल्टरनेटर इंजिनाच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवला आणि तिथून तीस अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर लिथियमकडे. बिल्जमधलं पाणी उपसणारा एक पंपही, स्वतंत्र फ्यूज देऊन, याच शिशाच्या बॅटरीवर घेतला. बीएमएसने अंधार केला तरी पाणी उपसलं गेलं पाहिजे. लिथियमच्या धन टोकाला क्लास टी फ्यूज लागला. शॉर्ट झालं तर हे सेल हजारो अँपियर सोडतात, तिथे साधा फ्यूज तो प्रवाह तोडू शकेलच असं नाही. आणि व्होल्टेज बघून लिथियमचा अंदाज येत नाही, ती जवळजवळ शेवटपर्यंत तेरावरच राहते. त्यासाठी ऋण बाजूला आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट बसवला. सगळ्या ऋण वायरी त्यातूनच गेल्या पाहिजेत, एक जरी चुकली तरी खतावणी खोटी.

सोलरचं थोडक्यात सांगतो. मागच्या कमानीवर दोनशे वॉटची दोन पॅनेलं, गोव्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण शंभर अँपियर-तास. दोन्हींना वेगळे एमपीपीटी कंट्रोलर, कारण बूमची सावली पडली की एका पॅनेलचं उत्पादन झटक्यात कोसळतं. एकाच कंट्रोलरवर ओळीत जोडली असती तर दुसऱ्यालाही फटका बसू शकला असता. नांगरावरचा हिशेब यात सुटला.

प्रवासातला सुटत नाही. शिडांच्या सावलीत ऐंशी मिळाले तरी सव्वादोनशेतून एकशे पंचेचाळीस उरतात, म्हणजे तीस अँपियरने इंजिन जवळपास पाच तास. शिडाच्या बोटीवर! मालकांना आणखी एक पॅनेल हवं होतं. माझं मत विंडव्हेनच्या बाजूने पडलं. वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू धरणारं हे यंत्र वीज अजिबात खात नाही. वारा असेपर्यंत ऑटोपायलटचे ऐंशी वाचतात, इंजिन दोन तासांवर येतं. ते स्वस्त नाही आणि बोटीच्या मागच्या बाजूला शोभतही नाही, हेही खरं. मालकांनी ते पुढच्या पावसाळ्यावर ढकललं.

तुमची बोट या ऑक्टोबरात पाण्यात उतरणार असेल तर लिथियमचं कोटेशन मागवण्याआधी डीसी मोजणारा एक क्लॅम्प मीटर विकत घ्या. आठवडाभर प्रत्येक उपकरणाचा आकडा वहीत लिहा, दोन्ही टोकांचं व्होल्टेज तपासा, आणि टेप मारलेला प्रत्येक जोड उघडून बघा. बॅटरी केवढी लागेल ते त्यानंतर ठरवा. बहुतेकदा ती तुम्ही धरून चाललात त्यापेक्षा लहान निघते.