फ्लूच्या विषाणूचा नवा प्रकार वेगळा कसा काढतात?

जानेवारी २०२१मध्ये बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला. शेजारच्या परभणीत कोंबड्या दगावल्या. महाराष्ट्रातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मधला, नवापूरचा. असा विषाणू बदलतो कसा, ते पाहू.

• बर्ड फ्लूच्या विषाणूची जनुके आरएनएच्या ८ तुकड्यांवर असतात. नक्कल होताना चुका राहतात. त्यामुळे एकाच नमुन्यात किंचित वेगवेगळे विषाणू मिसळलेले असतात.

• निवडीचा दाब : बहुतेक विषाणूंना रोखणारी, मोजक्यांना तगू देणारी परिस्थिती. ती बदल घडवत नाही, आधीच झालेल्या बदलांतून निवड करते. हा फरक कळीचा.

• पद्धत : विषाणूत प्रतिपिंडे मिसळून ते मिश्रण कोंबडीच्या फलित अंड्यांत किंवा पेशींवर वाढवतात. प्रतिपिंडांना चुकवणारे विषाणूच वाढतात. मिश्रण विरळ करत त्यांना सुटे काढतात, मग जनुकक्रम वाचतात. बदल बहुधा पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनात सापडतो.

• प्रतिपिंडांऐवजी ओसेल्टामिविर हे फ्लूचे औषध वापरल्यास औषधाला दाद न देणारे प्रकार मिळतात.

• अंडे हाही एक दाबच. मानवी विषाणू त्यात वाढताना बदलू शकतो.

• तपासणी : पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, माणसांमधील विषाणूंचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (स्थापना १९५२).