बिबट्याची पिल्ले : एकटी, पण अनाथ नव्हेत

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर हे सिमेंट उद्योगाचे गाव. जवळच माणिकगडचे डोंगर व जंगल असून तेथे बिबट्याचा वावर आहे. वाघाचे प्राबल्य असलेल्या वनात बिबट्या सहसा कडेकडेने राहतो. त्यामुळे तो गावाशेजारी अधिक आढळतो.

बिबट्या मुख्यतः रात्री हिंडतो. लांबवर पाठलाग न करता तो दबा धरून सावजाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि झेप घेऊन नरडे पकडतो. चितळ, माकडे, रानडुकरांची पिल्ले, त्याचप्रमाणे गावातील शेळ्या व कुत्री हे त्याचे भक्ष्य होय.

मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असून एका वेळी बहुधा २ ते ३ पिल्ले होतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात. मादी त्यांना कपारीत वा दाट झुडपात लपविते आणि धोका वाटताच तोंडात धरून दुसरीकडे हलविते. संगोपनात नराचा वाटा नसल्याने शिकारीसाठी तिला पिल्ले एकटी ठेवूनच जावे लागते. सुमारे दीड ते दोन वर्षे ती आईजवळ राहून शिकार शिकतात.

म्हणून शेतात किंवा नाल्याकाठी दिसलेली पिल्ले अनाथ समजून उचलू नयेत. जुन्नर परिसरात उसाच्या फडात सापडलेली पिल्ले वन विभागाने त्याच जागी ठेवली असता, मादीने ती रात्री नेल्याची अनेक उदाहरणे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये बिबट्यास संरक्षण आहे. पिल्ले दिसताच ग्रामस्थांनी गर्दी न करता दूर व्हावे व वनरक्षकास कळवावे. यातच पिल्लांचे आणि गावाचेही हित आहे.