हुंकार देणारा डॉक्टर

गोष्ट सांगणाऱ्याला जितकी अक्कल लागते तितकीच ती ऐकणाऱ्यालाही लागते, हे आपल्याकडच्या आज्या पक्के ओळखून होत्या. नातवंडांनी हुंकार दिला नाही, तर त्यांची गोष्ट पुढे सरकत नसे. ‘हूं’ आले की राजा शिकारीला निघायचा. ‘हूं’ थांबले की राजाही घोड्यासकट तिथेच थांबायचा. असा हुंकार देण्याचाच धंदा करणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरची ओळख मला आज वाचकांना करून द्यायची आहे. हा डॉक्टर हाडामांसाचा नाही, शाईच्या रेघांचा आहे; आणि त्या रेघासुद्धा जागच्या जागी थरथरणाऱ्या!

या गृहस्थांचे नाव डॉ. कॅट्झ. ‘डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट’ ही त्यांची चित्रमालिका १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘कॉमेडी सेंट्रल’ या वाहिनीवर सुरू झाली. सहा हंगाम चालली, एक्याऐंशी भाग झाले. मी ते पाहिले बऱ्याच वर्षांनी, भाच्याच्या कृपेने. पण पाहिले आणि या टकल्या, मऊ आवाजाच्या, किंचित थकलेल्या डॉक्टरने मला आपलेसे केले.

मालिकेचे जनक दोघे. जोनाथन कॅट्झ हे विनोदवीर, आणि टॉम स्नायडर हे शाळकरी मुलांसाठी संगणकाचे कार्यक्रम तयार करणारे गृहस्थ. पैसा बेताचा. चित्रातल्या माणसाला हलवायचे म्हणजे शेकडो चित्रे काढणे आले. ते परवडायचे कसे? स्नायडर यांनी युक्ती काढली. एकच चित्र चार-पाच वेळा, बाह्यरेषा अगदी थोड्या बदलून काढायचे आणि ती चित्रे फिरून फिरून दाखवायची. माणूस खुर्चीतून उठत नाही. पण त्याच्या कडा सतत थरथरत राहतात. काटकसरीतून निघालेल्या या युक्तीने एक वेगळाच परिणाम साधला. कोचावर बसलेला प्रत्येक रोगी आतून अस्वस्थ आहे, हे त्याने तोंड उघडण्याआधीच दिसू लागले.

हे रोगी तरी कोण? तिथेच खरी गंमत आहे. ते बहुतेक सगळे अमेरिकेतले खरेखुरे विनोदी वक्ते. रात्री क्लबात उभे राहून लोकांना हसवणारी मंडळी आपापल्या ठेवणीतल्या नकला नि किस्से घेऊन या कोचावर यायची. रे रोमानो, डॉम इरेरा अशी तिकडची गाजलेली नावे इथे येऊन गेली. आई कशी टोचून बोलायची, बायको कशी रुसते, लहानपणी आपल्याला कसे कोणी खेळायला घेत नसे, हेच त्यांचे भांडवल. रंगमंचावर याच वाक्यांना हशा मिळतो. इथे मात्र हशा नाही. त्या काळच्या मालिकांतून पार्श्वभूमीला सर्रास वाजणारे ध्वनिमुद्रित हास्यही या मालिकेत नाही. समोर फक्त वही घेऊन बसलेला डॉक्टर, आणि त्याचे ते बारीकसे ‘हूं’. मग तोच विनोद ऐकताना आपण प्रथम हसतो, आणि क्षणभराने मनात येते, अरे, हे तर दुखणे आहे!

विनोद आणि मनाचे दुखणे यांची सोयरीक जुनीच. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली विनोदावर एक अख्खा ग्रंथच लिहिला. उघडपणे जे बोलता येत नाही, ते विनोदाचा वेष घेऊन बाहेर पडते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. व्हिएन्नातल्या आपल्या खोलीत ते रोग्याला कोचावर निजवत आणि स्वतः त्याच्या उशाशी, नजरेआड बसत. कॅट्झ मात्र रोग्याच्या समोर बसतात, अधूनमधून स्वतःही एखादी कोटी करतात, आणि वेळ संपल्याचे संगीत वाजू लागले की अदबीने त्याला थांबवतात. दुःख कितीही मोठे असो, घड्याळ त्याहून मोठे!

हे पाहताना मला आमच्या एका दूरच्या काकूंची आठवण झाली. सासुरवासाच्या गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच. सासूची नक्कल अशी करायच्या की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळे. एकदा सगळे हसत असताना आमच्या आजोबांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले आणि शांतपणे विचारले, “मग, पुढे काय झालं गं?” काकू थबकल्या. पुढचे त्यांनी नक्कल न करता सांगितले. त्या रात्री त्यांना उपाशी निजावे लागले होते. इतक्या वर्षांत ते कोणाला ठाऊक नव्हते, कारण इतक्या वर्षांत कोणी ‘मग’ म्हटलेच नव्हते.

डॉ. कॅट्झ मोठे मनोवैज्ञानिक आहेत, असा भ्रम मात्र कोणी करून घेऊ नये. दिव्याखालचा अंधार त्यांच्या घरातच आहे. पत्नीशी घटस्फोट झालेला. घरात चोवीस वर्षांचा मुलगा, बेन; नोकरी नाही, धंदा नाही, पण मनसुबे मात्र लाखालाखाचे. दवाखान्यात स्वागताला बसणारी लॉरा डॉक्टरांना दाद देत नाही, बेनला तर मुळीच नाही. आणि बेनसाहेब तिच्यावर लट्टू! चोवीस वर्षांचा मुलगा बापाच्या घरी राहतो याचे आपल्याला काय नवल? पण वयात आलेल्या मुलाने घर सोडावे अशी रीत असलेल्या त्या समाजात हाच मोठा विनोद ठरतो. बापलेकांच्या न्याहारीच्या गप्पा मला कोचावरच्या प्रसंगांहून सरस वाटतात. त्यांचा नुसता आराखडा ठरलेला असे; बाकी सारे नट उत्स्फूर्त बोलत. म्हणून त्यात अडखळणे आहे, एकमेकांचे शब्द तोडणे आहे, विषय सोडून भलतीकडे जाणे आहे. थोडक्यात, घर आहे. मुलाला सुधारण्याचा बापाचा एकही बेत तडीस जात नाही. पण तो त्याच्याशी बोलायचा थांबत नाही.

कॅट्झ यांना या आवाजासाठी १९९५ सालीच एमी पारितोषिक मिळाले. मालिका चालू असतानाच त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा विकार जडल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या त्या मऊ आवाजामागे खरेच एक दुखणे होते. तरीही ते काम करीत राहिले आणि पुढे त्या दुखण्यावरही विनोद करू लागले. आळशी बेनला आवाज देणारे एच. जॉन बेंजामिन यांचे तर मोठे मजेदार झाले. याच मालिकेच्या निर्मितीत उमेदवारी केलेल्या लॉरेन बुशार्ड यांनी २०११ साली ‘बॉब्ज बर्गर्स’ ही नवी चित्रमालिका आणली. तिच्यात बेंजामिन यांच्या वाट्याला आला तीन मुलांचा, खानावळ चालवताना मेटाकुटीला आलेला बाप! बेन अखेर कामाला लागला म्हणायचा. वडिलांचे ऐकून नव्हे. वडिलांनी ऐकून घेतले म्हणून, असे मी आपले समजतो.

आपण सल्ला देण्यात कोणाला हार जाणारे नव्हे. घरात कोणी हुं की चूं केले, की आपल्या तोंडी उपाय तयार! या दिवाळीत फराळाच्या ताटाशी कोणी पाहुणा हसत हसत आपले रडगाणे सांगू लागला, तर चकली खाली ठेवा आणि एवढेच म्हणा, “मग?” यासाठी पदवी लागत नाही, कोच लागत नाही; आणि वेळ संपल्याचे संगीत वाजवायला आपल्याकडे कोणी बसलेले नाही.