रक्ताच्या कागदावरील दोन आंकडे

रक्ताच्या तपासणीचा कागद हातीं येतो. हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी लहान, असें त्यावर दिसतांच घरांत लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुधा हें योग्यच ठरतें. कारण लोहाची उणीव हेंच त्याचें सर्वांत सामान्य कारण होय. तथापि त्याच कागदावरील तांबड्या पेशींची संख्याहि पाहणें अगत्याचें आहे.

लोह कमी पडलें कीं पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याहि बहुधा घटते. परंतु पेशींचा सरासरी आकार किमान ८० फेम्टोलिटर असावयाचा तो ६५ भरला, आणि संख्या मात्र घन मिलिमीटरला ५५ लाख असली, तर ती व्यक्ति बीटा थॅलेसीमियाची वाहक असावी असा संशय येतो. हा दोष आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. लोहानें तो जात नाहीं. फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-२ यांच्या तपासणीनें बहुधा उलगडा होतो.

वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. मात्र पतिपत्नी दोघेंहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तीव्र थॅलेसीमिया होण्याचा संभव ४ मध्यें १ असतो, आणि अशा मुलास बहुधा जन्मभर दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. विवाहापूर्वीं पत्रिका पाहणाऱ्या घरांनीं हा कागदहि अवश्य पाहावा.