ओरलला पास, रिस्टोअरला नापास

डेटाबेसच्या ओरलला एक प्रश्न हमखास येतो: डिलीट, ट्रंकेट आणि ड्रॉप यांत फरक काय? उत्तर वर्षानुवर्षं पाठ आहे. डिलीट मागे घेता येतं, बाकीची दोन येत नाहीत. एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढचा रोल नंबर आत येतो.

हे उत्तर ओरॅकल किंवा मायएसक्यूएलच्या बाबतीत चालून जातं. पण पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी संगणकशास्त्राच्या लॅबमध्ये पोस्टग्रेस्क्यूएल शिकवलं जातं, आणि तिथे आधी ‘बिगिन’ लिहून ट्रान्झॅक्शन सुरू केलं असेल, तर ट्रंकेट आणि ड्रॉप टेबलसुद्धा रोलबॅकने मागे फिरतात. उलट बिगिन न लिहिता साधं डिलीट चालवलं, तर ते एरवी त्याच क्षणी कायम होतं. समोरच्या मशीनवर दोन मिनिटांत पडताळता येईल असं उत्तर जर्नलमध्ये मात्र बिनबोभाट उतरत राहतं.

अभ्यासक्रम टाकाऊ आहे असं मुळीच नाही. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल, नॉर्मलायझेशन, ईआर डायग्राम, एसक्यूएल हा पाया आजही पक्का आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्या पाठ्यपुस्तकाचे तिसरे लेखक एस. सुदर्शन तर आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. त्या पुस्तकात रिकव्हरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. परीक्षेत त्याची पाच मार्कांची टीप होते, एवढंच.

त्या प्रकरणातली मुख्य कल्पना आपल्या दुकानदारांना जुनी आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मूळ फाइलमध्ये सावकाश उतरवतो. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून हिशेब पुरा करतो. पुढची पायरी त्याहून कामाची. रविवारी रात्री घेतलेला पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे सगळे लॉग हाताशी असतील, तर बुधवारी सकाळी अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी डेटाबेस जसा होता तसा उभा करता येतो. कोणीतरी अकरा वीसला टेबल उडवलं असेल, तर त्या एका मिनिटाची किंमत कळते.

आणि हे कागदावर जितकं सोपं वाटतं तितकं प्रत्यक्षात नसतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. क्षणभरात थांबवली, तरी सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले. बॅकअप होताच की! पण तो घेणारं टूल पोस्टग्रेस्क्यूएलच्या ९.२ आवृत्तीचं आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे बॅकअप रोज अपयशी ठरत होता. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट सापडला आणि निभावलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सगळी हकिगत प्रसिद्ध केली, हे माझ्या मते शिकणाऱ्यांवर उपकारच.

कॉलेजच्या लॅबमध्ये असं काही घडूच शकत नाही, आणि अडचण तिथेच आहे. टेबलात पंधरा ओळी, त्याही मुलांनीच भरलेल्या. इतक्या कमी ओळींवर इंडेक्स असला काय आणि नसला काय! प्रत्येक जण एकाच सर्वाधिकारी लॉगिनने आत शिरतो. मग कोणाला फक्त वाचायची परवानगी द्यावी आणि कोणाला बदलायची, हा प्रश्न पडणार कधी? डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएचा अर्धा दिवस यातच जातो.

खरं तर हे शिकवायला वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि दहा लाख नकली ओळी एका कमांडमध्ये तयार करून देतं. सरांनी मुलांच्या नकळत एक टेबल उडवावं, वेळ सांगावी आणि त्याआधीच्या मिनिटापर्यंत डेटा परत आणायला लावावा. वीस मार्क त्यालाच. लायब्ररी मॅनेजमेंटचं तेच ते मिनी प्रोजेक्ट तपासण्यापेक्षा सरांनाही यात जास्त मजा येईल.

‘आता क्लाउड आहे, बॅकअप आपोआप होतात,’ असं यावर म्हटलं जातं. होतात. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत हे आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. मार्चअखेरचा हिशेब जुळवताना अकाउंट्सला कळलं की जानेवारीत काही नोंदी चुकून पुसल्या गेल्यात, तर त्या बॅकअपमध्ये जानेवारी नसतो. त्यासाठी कोणीतरी आधीच वेगळी प्रत काढून ठेवलेली असावी लागते, आणि ती एकदा तरी रिस्टोअर करून पाहिलेली.