पाण्यासारखाच पर्यटनाचाही ताळेबंद

संरक्षित निसर्गक्षेत्रात पर्यटन किती वाढू द्यावे, हा प्रश्न मोजमापापासून सुरू होतो. त्या परिसराला किती माणसे, किती गाड्या आणि किती उजेड सोसतो, हे ठरल्याशिवाय संवर्धन आणि रोजगार यांचा मेळ बसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने असा हिशेब पाणी आणि गवताच्या बाबतीत मांडून दाखवला आहे.

पर्जन्यछायेतील या गावाचे डोंगर एकेकाळी बोडके होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, तरी डोंगर माणसांना बंद झाला नाही. गुरे मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचे, असा नियम झाला. त्यामुळे मुळे शाबूत राहिली, माती धरली गेली आणि चाराही मिळाला. पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. आज हे पाहायला दूरदूरहून अभ्याससहली येतात.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मेअखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत तेथील भंडारदरा परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकतात. हा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण. गाड्यांच्या आणि विजेऱ्यांच्या झोतात ती हरवते. अळ्या ओल्या मातीत वाढतात, म्हणून झाडाखालची जमीन तुडवली गेली की पुढची पिढीच धोक्यात येते. दुसरीकडे, या हंगामातील जेवण-मुक्कामाच्या सोयीवर स्थानिक आदिवासी कुटुंबांची कमाई होते. सरसकट बंदी त्यांच्या पोटावर येईल.

सरसकट बंदी निसर्गालाही नेहमीच मानवते असे नाही. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तेथे फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. पूर्वी पठाराला तारेचे कुंपणही घातले होते. त्यामुळे गुरांची चराई थांबली, गवत माजले, फुले घटल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर कुंपण काढण्यात आले.

हिवरे बाजारच्या डोंगराला चराईबंदी मानवली, कासच्या पठाराला ती मानवली नाही. म्हणून मर्यादा त्या-त्या जागेचा स्वभाव ओळखून, स्थानिकांना सोबत घेऊन आणि दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. हिवरे बाजारात पाऊस कमी झाला की पिकांचे नियोजन बदलते. तसेच काजवे कमी दिसले, तर त्या वर्षी गाड्याही कमी सोडाव्यात.