पॅराबेन, गरोदरपण आणि मुलांचं वजन : असा पेपर कसा वाचायचा?



"गरोदरपणात वापरलेल्या क्रीममुळे मूल लठ्ठ होतं" अशी बातमी आली की काही जण घाबरून घरातल्या सगळ्या बाटल्या फेकून देतात. काही जण म्हणतात, "रोज काहीतरी नवीन काढतात!" ज्यांना संशोधन करायचंय, त्यांना हे दोन्ही परवडणारं नाही. आपण मूळ पेपर उघडायचा आणि त्यात नेमकं काय दाखवलंय ते बघायचं.

पॅराबेन म्हणजे काय?

पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झोइक आम्लाची एस्टर्स. मिथाइल, इथाइल, प्रोपाइल आणि ब्युटाइल ही नेहमी दिसणारी चार. क्रीम, लोशन, शाम्पू यांत पाणी असतं, आणि पाणी आलं की बुरशी आणि जिवाणू आलेच. ते वाढू नयेत म्हणून हे प्रिझर्व्हेटिव्ह घालतात.

मग अडचण काय? पॅराबेन शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागू शकतात. हा परिणाम खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी पटींनी कमी असतो, पण अल्काइल साखळी लांबली की तो वाढतो. म्हणून ब्युटाइलकडे जास्त लक्ष असतं. शिवाय पॅराबेन गर्भजलातही सापडले आहेत, आणि त्या काळात बाळाच्या मेंदूची जडणघडण चालू असते.

लाइपझिगचा अभ्यास

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला 'लिना' नावाचा माता-बालक अभ्यास आहे. त्यातल्या ६२९ जोड्यांच्या गटावर आधारलेला पेपर २०२० साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. गरोदरपणातल्या लघवीच्या नमुन्यात ब्युटाइल पॅराबेन जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये, वयाच्या आठ वर्षांपर्यंत, वजन जास्त असण्याचं प्रमाण अधिक दिसलं. मुलींमध्ये हे जास्त ठळक होतं. पॅराबेन असलेली, त्वचेवर बराच वेळ राहणारी क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांच्या लघवीत त्याची पातळीही जास्त होती.

इथपर्यंत हा फक्त सहसंबंध आहे. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढंच. पुढे काय केलं ते महत्त्वाचं आहे.

आधी प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींवर पॅराबेनचा थेट परिणाम तपासला. त्यातून चरबी वाढलीच नाही, म्हणजे पहिला सोपा अंदाज चुकला. मग गाभण उंदरांना ब्युटाइल पॅराबेन दिलं. त्यांच्या मादी पिल्लांनी जास्त खाल्लं आणि त्यांचं वजन वाढलं. कारण शोधल्यावर हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात, 'पीओएमसी' हे जनुक मंदावलेलं सापडलं. जनुकाचा क्रम तोच होता, त्याचं नियंत्रण करणाऱ्या भागावरचं मिथाइलेशन बदललं होतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात.

आता तुमचे प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाचा. पॅराबेन शरीरातून काही तासांत बाहेर पडू लागतात. एक नमुना म्हणजे त्या दिवसाचा फोटो, नऊ महिन्यांचा सिनेमा नव्हे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नमुने किती वेळा घेणार, हे आधी ठरवा.

दुसरा, कारण कुठलं आणि परिणाम कुठला? कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात ३३८ मुलामुलींचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांच्या वयात मिथाइल पॅराबेन जास्त असलेल्या मुली लवकर वयात आल्या. पण संशोधकांनी स्वतःच लिहिलं की उलटंही असू शकतं: ज्या मुली लवकर वयात येतात त्या सौंदर्यप्रसाधनं लवकर वापरू लागतात. गरोदरपणातल्या नमुन्याचा फायदा इथे कळतो. मूल जन्मायच्या आधीच मोजलं, त्यामुळे मुलाचं पुढचं वजन त्या आकड्यावर परिणाम करू शकत नाही. तरी आईचं वजन, आहार, धूम्रपान हे घटक हिशेबात घ्यावेच लागतात.

तिसरा, पर्याय कोणता? युरोपात पॅराबेनऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला आणि त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्णही वाढले. शेवटी अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी घालावी लागली. 'पॅराबेन-फ्री' म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नाही.

मग गरोदर बहिणीने विचारलं तर?

युरोपीय संघाने २०१४ मध्येच प्रोपाइल आणि ब्युटाइल पॅराबेनवर मिळून ०.१४ टक्क्यांची मर्यादा घातली. तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या उत्पादनांत तर ते चालतच नाहीत. म्हणजे लाइपझिगचा पेपर येण्याआधीच खबरदारी घेतली गेली होती. पुरावा पूर्ण व्हायची वाट धोरण दर वेळी बघत नाही.

तिला एवढं सांगता येईल: घाबरू नको. दिवसभर अंगावर राहणाऱ्या क्रीमचं लेबल वाच, गरज नसलेली कमी कर. डॉक्टरांनी दिलेलं मलम मात्र त्यांना न विचारता बंद करू नको. पॅराबेन साठून राहत नाहीत, त्यामुळे वापर कमी केला की फरक पडतो. सॅलिनासमध्येच १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस वेगळी उत्पादनं दिली, तेव्हा लघवीतलं मिथाइल पॅराबेन सुमारे ४४ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे ब्युटाइल आणि इथाइल मात्र वाढलं!

हा अभ्यास आपल्या गावात करायचा झाला तर? बाळंतिणीची आणि बाळाची मालिश, घरचं खोबरेल तेल, बाजारातलं बेबी लोशन, हे सगळं प्रश्नावलीत कसं आणाल? तीन प्रश्न लिहा आणि कमेंटमध्ये टाका. त्यावर पुढच्या लेखात बोलू.